मुलांचे पर्यावरण-उपक्रम: आक्षेप आणि उत्तरे

पर्यावरण हा विषय शाळेत शिकवला पाहिजे, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसा आदेश दिला आणि अंमलबजावणी रखडल्यावर २००३ मध्ये पुन्हा बजावले. महाराष्ट्रात तिसरीपासूनच ‘परिसर अभ्यास’ मुलांच्या दप्तरात असतो. वाद आहे तो पद्धतीचा. खत तयार करणे, पाऊस मोजणे, सुरवंटावर लक्ष ठेवणे, असे हाताने करायचे आणि मुलांना रमवणारे उपक्रम हा या शिक्षणाचा गाभा असावा, की नुसते तोंडी लावणे? उपक्रमांवर प्रामुख्याने चार आक्षेप घेतले जातात. पहिले दोन टिकत नाहीत, तिसरा अर्धा खरा आहे आणि चौथा खरा असला तरी त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला आक्षेप असा, की उपक्रमांत अभ्यासाचा वेळ वाया जातो. पाऊस मोजण्याचा साधा उपक्रम घेतला तरी याचे उत्तर मिळते. सपाट तळाची, सरळ कडांची बरणी उघड्यावर ठेवायची, रोज सकाळी ठरलेल्या वेळी आतले पाणी पट्टीने मोजायचे, आकडा वहीत टिपायचा आणि बरणी रिकामी करायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि रात्रीतून २० मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर छपरावर २,००० लिटर पाणी पडले, हा हिशेब पाचवीतले मूल स्वतः मांडू शकते. क्षेत्रफळ, एकके, सरासरी, आलेख हे सारे यात आपसूक येते. एप्रिलमध्ये गावात टँकर आला, की ते २,००० लिटर कुठे गेले हा प्रश्नही त्याच मुलाला पडतो. अभ्यासाचा वेळ इथे वाया जात नाही, तो सत्कारणी लागतो.

दुसरा आक्षेप असा, की मौजमजेतून शिकणे हे परदेशी खूळ आहे आणि गंभीर विषयाचा त्यात खेळ होतो. कामातून शिकण्याचा विचार या मातीत जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा पायाच हातांना काम हा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली.

मजेमुळे विषयाचे गांभीर्य घटते, हेही खरे नाही. कढीपत्त्याच्या झाडावर फुलपाखराने घातलेले मोहरीएवढे अंडे मुलांना एकदा दाखवून द्यावे. त्यातून निघणारा लहानगा सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणून शत्रू त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठा झाला की तो पानासारखा हिरवागार होतो. त्याला डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. मग कोष, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्याने फुलपाखरू. हे सारे डोळ्यांनी पाहिलेले मूल कढीपत्त्याची चार पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध फवारू देत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या नीलवंताचे सुरवंटही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, ही माहिती अशा मुलाला पाठ करावी लागत नाही. मजा इथे लक्ष टिकवते आणि टिकलेल्या लक्षातूनच आस्था येते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नद्या सांडपाण्याने आणि कारखान्यांनी नासवल्या, डोंगर खाणींनी पोखरले. त्याचे ओझे मुलांच्या खांद्यावर का? बादलीभर खताने पृथ्वी वाचत नाही, हे खरेच आहे. मुलांना तसे सांगणे ही फसवणूक आहे आणि मोठ्यांच्या दोषाबद्दल त्यांना अपराधी वाटायला लावणे हा अन्याय आहे. मात्र उपक्रमाचे काम पृथ्वी वाचवणे हे नाहीच. नागरिक घडवणे हे त्याचे काम आहे. ओढ्याच्या पाण्याचा रंग, वास आणि त्यातले जीव ज्याने वर्षभर नोंदवले, तो उद्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत नेमका प्रश्न विचारू शकतो. ज्याला ओढा ठाऊकच नाही, त्याला तो नासल्याचेही कळत नाही.

चौथा आक्षेप प्रत्यक्ष अनुभवातून आलेला आहे: उपक्रमांचे सोहळे होतात. पाच जूनला जागतिक पर्यावरण दिन येतो तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते. बहुतांश राज्यात त्या जूनच्या मध्यावर आणि विदर्भात महिनाअखेरीस उघडतात. पाऊसही बहुतेक ठिकाणी पोचलेला नसतो. तरीही रोपे लावली जातात, फोटो निघतात आणि पंधरा दिवसांत रोपे करपतात. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धेसाठी चमकी, गोंद, रंगीत कागद नव्याने विकत आणले जातात आणि वस्तू पालक रात्री जागून करतात. बीजगोळे कुठेही भिरकावले जातात. माळरान म्हणजे पडीक रान नव्हे. लांडगा, चिंकारा, माळढोक यांचे ते घर आहे. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच गवताळ माळावर आहे. अशा जागी झाडे लादणे म्हणजे अधिवास मोडणे. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. पण यावरून उपक्रम बंद करावेत असे ठरत नाही. ते कसे नसावेत एवढेच ठरते.

चांगल्या उपक्रमाच्या तीन कसोट्या सांगता येतात. तो किमान एक हंगाम चालावा, त्यात काही जिवंत किंवा मोजता येण्याजोगे असावे आणि चुकण्याची व चूक दुरुस्त करण्याची मोकळीक मुलांना असावी. खताची बादली या तिन्ही कसोट्यांना उतरते. बादलीला भोके पाडून तळाशी नारळाच्या शेंड्या घालायच्या, मग ओला कचरा आणि त्यावर भरपूर वाळका पाला. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली. पाला मिसळून उलथापालथ करायची. मुंग्या लागल्या तर खत कोरडे पडले, पाणी शिंपडायचे. मुद्दाम बिस्किटाच्या पुड्याचे एक वेष्टणही आत टाकावे. दोन-तीन महिन्यांनी कचऱ्याची काळी, मातीच्या वासाची भुरभुरीत पूड झालेली असते आणि वेष्टण जसेच्या तसे असते. ओला आणि सुका कचरा वेगळा का ठेवायचा, हे त्यानंतर वेगळे समजावावे लागत नाही. ते खत शाळेच्या परसबागेत जाते आणि तिथली भाजी दुपारच्या पोषण आहारात येते, तेव्हा चक्र पूर्ण होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही, वेळापत्रकात हक्काची जागा लागते. आठवड्याचा एक तास, परिसरानुसार उपक्रम निवडण्याची शिक्षकांना मुभा आणि बक्षिसांऐवजी नोंदवहीला महत्त्व, एवढे मिळाले तरी पुरे. कोकणातल्या मुलांनी खाडी पाहावी, मराठवाड्यातल्या मुलांनी विहिरीची पातळी मोजावी, शहरातल्या मुलांनी रस्त्याकडेच्या एकाच बहाव्याची पानगळ आणि फुलोरा वर्षभर टिपावा. धड्यातून माहिती मिळते आणि ती हवीच. पण काळजी घेण्याची सवय काळजी घेऊनच लागते. म्हणून हाताने करायचे उपक्रम हेच पर्यावरणशिक्षणाचे मुख्य अंग असले पाहिजे आणि पुस्तक त्याच्या सोबतीला.