शिफारस कशाची? वागण्याची की कामाची?

रहिमतपूरच्या आमच्या केंद्रातली एक कार्यकर्ती एम.एस.डब्ल्यू.च्या अर्जासाठी शिफारसपत्र घेऊन आली. सरांनी लिहिले होते : ‘सुशील, नम्र, चांगल्या घरातील मुलगी.’ दोन वर्षे तिने 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बायकांचे अर्ज लिहिले, त्यांच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढली. त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही!

मला माझेच पत्र आठवले. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे एक सर म्हणाले होते. संधी असूनही स्वतःच्या कामाबद्दल लिहायला हात धजला नाही. मीही ‘नम्र’ असेच लिहिले.

1883 मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः पत्र लिहिले. बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

मुलांच्या पत्रात ‘सुशील’ कोण लिहितो? मग मुलींनाच चारित्र्याचा दाखला कशाला?

मैत्रिणींनो, पत्र मागताना कामाचे टिपण आणि शेवटची तारीख लेखी द्या. एक तरी पत्र काम जवळून पाहिलेल्या संघटनेतल्या बाईकडून घ्या. आणि आपण लिहिणाऱ्यांनी प्रसंग लिहावेत. पीडित बाईचे नाव-गाव मात्र कधीही नाही.

तिच्यासाठी मी नवे पत्र लिहिले. सुरुवात अशी : ‘रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय ही उठली नाही.’