लग्नाचा मांडव आणि खरिपाचें बियाणें

आमच्याकडील पुष्कळ लग्नें वैशाख-ज्येष्ठांत होतात, आणि त्याच सुमारास बियाण्याखतांची तजवीज करावयाची असते. दोन्ही खर्च एकाच थैलींतून निघावयाचे. मांडव भारी झाला कीं पेरणी सावकाराच्या दारीं जाते. ‘मुलीचें लग्न एकदांच होतें’ असें यावर उत्तर मिळतें. खरें, परंतु खरिपाची वेळही वर्षांतून एकदांच येते.

शिवाय ज्या वस्तूंवर हा पैसा जातो, त्याच मागाहून रानास बाधतात. थर्माकोलच्या ताटांस महाराष्ट्रांत २०१८ पासून बंदी आहे. तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं तीं ओढ्याकांठीं पडलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. उष्ट्यासह प्लॅस्टिक खाल्लेल्या गुरांच्या पोटांत तें सांचून राहतें. पळसाची पत्रावळ उकिरड्यांत कुजून खत होते. मात्र आंतून चकचकीत पापुद्रा चिकटविलेली यंत्राची पत्रावळ घेऊं नये, तो पापुद्रा कुजत नाहीं. मांडवास बांबू व आंब्याचे डहाळे पुरेत. तेच बांबू पुढें टोमॅटोच्या बागेस आधार देतात.

टॉवेल-टोप्यांचा मान सुटणें मात्र कठीण. हे टॉवेल वापरतो कोण? एका लग्नांतून ते दुसऱ्या लग्नांत नुसते फिरतात! तेव्हां सुपारी फुटते त्याच दिवशीं दोन्ही व्याह्यांनीं ‘देणार नाहीं, घेणार नाहीं’ असें चारचौघांत ठरवावें. एकट्या वधूपित्यानें तसें केल्यास रुसवा त्याच्याच वांट्यास येतो.