सुवासिक तेलें व शाळेची परिचारिका

विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी वाहणें हें शाळेचें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु ती कोणत्या रीतीनें वाहावी, याविषयीं शाळा व घर यांमध्यें कधीं कधीं मतभेद उत्पन्न होतो. हल्लीं आमच्या वाशीम जिल्ह्यांतही असा एक प्रश्न पुढें येऊं लागला आहे. मुलाच्या दप्तरांतून एक चिमुकली कुपी येते व सोबत चिठी असते: नाक चोंदल्यास नीलगिरीचे दोन थेंब रुमालावर टाकावे, डोकें दुखल्यास पुदिन्याचें तेल कपाळास चोळावें, परीक्षेच्या दिवशीं मन शांत राहावें म्हणून मनगटास लॅव्हेंडर लावावें. ही चिठी परिचारिकेच्या हातीं पडते. आणि जेथें परिचारिका नाहीं तेथें वर्गशिक्षकाच्या. त्यांनीं काय करावें? आमचें मत असें कीं, नोंदणीकृत वैद्याच्या लेखी सूचनेवांचून असलें तेल शाळेंत कोणाही मुलास लावूं नये.

पहिलें कारण असें कीं, येथें नांवच आपणांस फसवितें. 'तेल' हा शब्द मूळचा तिळावरून आलेला. तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल आजीनें ओंजळभर घेऊन नातवाच्या अंगांत जिरविलें, तरी सहसा भय नसतें. परंतु कुपींतील नीलगिरीचें तेल त्या जातीचें नव्हे. तो पानांतून वाफेच्या योगानें काढलेला तीव्र अर्क होय. चमचाभर नीलगिरी तेल पोटांत गेल्यानें बालकें बेशुद्ध पडल्याचीं, व सुमारें 1 ग्रॅम कापूर लहानग्यांच्या जिवावर बेतल्याचीं उदाहरणें वैद्यकग्रंथांत नमूद आहेत. दक्षिण भारतांतील कांहीं रुग्णालयांतील एक पाहणी 2021 सालीं प्रसिद्ध झाली. तींत झटके आलेल्या 350 प्रौढ रुग्णांपैकीं 55 जणांच्या झटक्यांचा संबंध नीलगिरी, कापूर अशा पदार्थांशीं आढळला. प्रौढांची ही गोष्ट, तर मुलांविषयीं किती जपावें!

दुसरें कारण, वर्ग म्हणजे घर नव्हे. घरीं आईपुढें एक मूल असतें व त्याची प्रकृति तिला ठाऊक असते. वर्गांत पन्नास मुलें दाटीनें बसतात. त्यांत एकास दमा असतो, दुसऱ्यास अपस्माराची व्यथा असते. एकाच्या रुमालावरील उग्र वास सर्वांच्या नाकांत शिरतो, व कुपी तर मधल्या सुटींत दहा हातांतून फिरते.

तिसरें कारण, जाणत्या हातांकडूनही चूक होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत, घाटंजी तालुक्यांत, 31 जानेवारी 2021 रोजीं 12 बालकांना पोलिओच्या लसीऐवजीं हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले. ईश्वरकृपेनें मुलें वांचलीं. जें काम शिकविलेल्या माणसांचें, तेथें असें घडलें; मग दहा घरांहून आलेल्या दहा कुप्या एका कपाटांत राहिल्या, तर परिचारिकेनें काय करावें?

तथापि पालकांचा उपहास करणें आम्हांस मान्य नाहीं. रिसोड अथवा मानोऱ्याकडील एखाद्या खेड्यांतील आईनें सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुलास दवाखान्यांत न्यावयाचें, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. दोन थेंबांनीं भागत असेल तर तिला तें हवेंसें वाटणारच. त्या कुपींत तिची माया भरलेली असते. म्हणून परिचारिकेनें चिठी आदरानें घ्यावी, मुलास काय होतें तें विचारावें, वहींत टिपून ठेवावें, आणि कुपी मुलाच्या हातीं न देतां पालकांच्याच हातीं परत करावी. पुष्कळदां डोकेंदुखीचें मूळ उपाशीं पोटांत किंवा अधू दृष्टींत असतें. कपाळावरील गार तेलानें तक्रार थांबते, परंतु फळा दिसत नाहीं तो नाहींच. सन 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या पथकापुढें अशी तक्रार अवश्य मांडावी.

कोणी म्हणतील, पवित्र शास्त्रांतही तेलाचा उपचार आहे. आहे खरा. दयाळू शोमरोन्यानें जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें, त्याची शुश्रूषा केली, व पुढील काळजीसाठीं पदरचे पैसे दिले. तेल हा त्याच्या दयेचा आरंभ होता, शेवट नव्हे.

पालकहो, मुलाचें दुखणें आम्हांस कळवा. कुपी मात्र घरीं ठेवा. आणि विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याची कुपी हुंगूं नका, व आपलें दुखणें लपवूं नका. तें गुरुजनांस सांगण्यांत लाज नाहीं. न सांगण्यांत मात्र धोका आहे.