टाळ्या नकोत, मास्क द्या

तामलवाडीत सकाळी सोलापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोरी बघा. कुणी जीएनएमला, कुणी बीएस्सी नर्सिंगला. माझी पुतणी त्यातलीच, पहिल्या वर्षाला. परवा घरी आली ती गप्पच. विचारलं तर म्हणाली, "काका, आज आयसोलेशनला लावलं होतं. टीबीचा पेशंट. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या."

मास्क कोणता दिला? साधा सर्जिकल. तो खरं तर पेशंटच्या तोंडाला हवा. टीबी हवेतून पसरतो, आत जाणाऱ्याला एन-९५ लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. हे पोरीने वर्गात लिहून घेतलंय. परीक्षेत त्याचे मार्क मिळतील, वॉर्डात मास्क काही मिळाला नाही.

आता कुणीतरी म्हणणार, एवढं भ्यायचं तर नर्सिंगला जायचंच कशाला? अहो, ती पळाली नाही! त्या म्हाताऱ्या बाबांना पाणी दिलं, जवळ थांबून दोन शब्द बोलली. आयसोलेशनमध्ये आजार वेगळा ठेवायचा असतो, माणूस नव्हे. हे आत गेल्याशिवाय शिकताच येत नाही. म्हणून पोरींना आत पाठवूच नका, असं माझं म्हणणं नाही. एकटीला आणि अर्धवट शिकवून पाठवू नका, एवढंच आहे.

३ मे २०२१ आठवा. कोविडमध्ये माणसं कमी पडली तेव्हा केंद्राने शेवटच्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना ड्युटी द्यायची मुभा दिली. पण वरिष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली. शिवाय कामाला घेतलेल्यांना लस आणि विमाही. ऐन महामारीत शेवटच्या वर्षाला एवढं जपायचं ठरतं, मग आज साध्या दिवसांत पहिल्या वर्षाच्या पोरीला यातलं काहीच का नाही?

कारण सरळ आहे. भरतीला पैसे लागतात, विद्यार्थिनी फुकट मिळते. उलट फी तीच भरते.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या. केरळची नर्स लिनी २०१८ मध्ये निपाहने गेली. त्यांच्या फोटोला हार जरूर घाला. पण त्यांचा त्याग पुढे करून आपल्या लेकींना बिनतयारीचं आत ढकलायचा हक्क कुणाला मिळत नाही.

मागणं फार नाही. आयसोलेशनच्या आधी गाऊन, हातमोजे, मास्क घालायचा आणि विशेषतः काढायचा सराव करून घ्या, कारण काढतानाच हात चुकतो. मापाचा एन-९५ द्या. सोबत अनुभवी सिस्टर ठेवा. आणि पोरगी आजारी पडली तर हजेरी कापू नका.

पालकांनो, ॲडमिशनला गेल्यावर आपण फी विचारतो, होस्टेल विचारतो. यंदा हेही विचारा: "आमच्या पोरीला आयसोलेशनला लावाल तेव्हा तिच्याबरोबर कोण असेल?"

उत्तर तोंडी नको, लेखी मागा.