कोणत्या वर्षाचा नियम?

टोळीप्रमुख अरुण गवळी मुदतीआधी सुटावा, असे मनापासून वाटणारे लोक त्याच्या दगडी चाळीबाहेर फारसे सापडणार नाहीत. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांची हत्या २००७ मधली. त्यासाठी गवळीला जन्मठेप झाली २०१२ मध्ये. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ एप्रिल २०२४ रोजी त्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या बाजूने दिलेला निकाल तत्त्वाला धरूनच होता.

शिक्षा झाली तेव्हा राज्यात २००६ चे शिक्षामाफीचे धोरण लागू होते. चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या, थकलेल्या कैद्यांना त्यात सवलत होती. कोणाला ती मिळणार नाही याचीही यादी होती. तीत मोक्काचा, म्हणजे गवळीला लागलेल्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा, उल्लेख नव्हता. तो आला २०१५ मध्ये. सरकारने या नंतरच्या बदलाकडे बोट दाखवले आणि खंडपीठाने ते खाली करायला लावले.

यात नवे काही नाही. गुन्ह्याच्या वेळी नसलेली जादा शिक्षा नंतर लादता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २०(१) सांगते. कायदा सौम्य झाला तर मात्र त्याचा लाभ मागेही पोहोचतो. रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाल्यानंतर त्याच्या भागात परिवीक्षेचा कायदा लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याचा फायदा दिला. शिक्षामाफीला कलम २० थेट लागू होत नाही. पण शिक्षा झाली त्या दिवशीचे धोरण पाहावे आणि नंतरचे अधिक उदार असेल तर तेही द्यावे, हे २०१० च्या जगदीश निकालाने सांगितले आहे.

हा नियम गैरसोयीचा ठरतो, हे खरे. सामूहिक बलात्कार व हत्यांच्या बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरातने सोडले ते १९९२ च्या जुन्या धोरणाच्या आधारे. ती सुटका जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली, पण ती या नियमामुळे नव्हे, तर खटला मुंबईत चालला होता आणि निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता म्हणून.

मुळात धोरण कैद्याला विचार होण्याचा हक्क देते, सुटण्याचा नव्हे. गवळीची टोळी, साक्षीदारांची भीती, जामसांडेकर कुटुंबाचे म्हणणे, हे सारे कारणांसह लिहून अर्ज फेटाळण्याचा प्रयत्न सरकारला करता आला असता. तो कठीण रस्ता सोडून २०१५ च्या बदलाचा आडोसा का घेतला, याचे उत्तर गृह विभागाने द्यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये खंडपीठाच्या निकालाला स्थगिती दिली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये गवळी बाहेर आला, तो जामिनावर.