टेम्पोचा प्लग आणि घराची रोजी



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात निघालं की भेंडी, काकडी, मिरचीचे दिवस सुरू होतात. कल्याणच्या बाजारात वेळेवर पोहोचायचं तर फजरच्या आधीच गाडी भरावी लागते. आपल्यातल्या अनेक घरांची चूल अशा छोट्या टेम्पोवर पेटते. गाडी आपली असली तरी आतला माल बहुधा दुसऱ्याचा असतो, म्हणजे तो आपल्याकडे अमानत असतो. सरळगावजवळ गाडी आचके देऊन बंद पडली, तर नुकसान दोन घरांचं होतं.

म्हणून या महिन्यात आम्ही प्लग आणि प्लगच्या वायरी घरी कशा बदलाव्यात, हे सांगत आहोत. हे काम कमी खर्चाचं आहे, तासाभरात होतं आणि घरातल्या कोणालाही शिकता येतं.

आधी आपली गाडी कोणती ते पाहा. डिझेलच्या गाडीत स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. मोठे ट्रक, बहुतेक पिकअप आणि २००५ साली आलेला डिझेलचा ‘छोटा हाथी’ या लेखाबाहेरचे. ओम्नी, ईको, पेट्रोल किंवा सीएनजीवरची सुपर कॅरी, पेट्रोल किंवा सीएनजीवरचा एस यांना मात्र प्लग असतात. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी गावोगावी ती अजून धावते आहे. तिच्यासारख्या जुन्या गाड्यांत प्रत्येक प्लगला वायर असते. बऱ्याच नव्या इंजिनांत वायर नसते, प्लगच्या डोक्यावरच कॉइल बसवलेली असते.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका प्लगमध्ये मिनिटाला किमान १,५०० ठिणग्या पडतात. त्यामुळे प्लगचं टोक झिजतं आणि गॅप वाढतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते. म्हणून गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर घेतली की मिसिंग मारते, असं झालं तर पहिला संशय प्लग-वायरीवर घ्यावा. आपल्याकडच्या पावसात जुन्या वायरींना ओल लागते, तडे असतील तर वीज बाहेर गळते. गाडी भाताच्या कणगीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघावं.

दुर्लक्ष केलं तर खर्च वाढत जातो. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो निकामी करतं. साध्या प्लगांचा सेट शेकड्यांत येतो, कन्व्हर्टरला हजारो रुपये लागतात. इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर भरलेली गाडी माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात चढवू नये.

आता काम. गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण थंड झालेलं असावं. गरम इंजिनातून प्लग काढला तर ॲल्युमिनियमचे आटे जाऊ शकतात. गाडी मोकळ्या हवेत लावा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गॅसचा वास येत असेल तर काहीही न उघडता मेकॅनिकला बोलवा.

बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करा. वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे घाला. एका वेळी एकच वायर आणि एकच प्लग बदला, म्हणजे अदलाबदल होणार नाही. वायर ओढू नका. तिची रबरी टोपी धरून थोडी पिळा आणि वर घ्या. प्लगभोवतीची माती सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग १६ किंवा २१ मिलिमीटरचा, जो बसेल त्या प्लग-पान्याने प्लग सोडवा.

काढलेले प्लग क्रमाने कागदावर ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. टोक पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर प्लग जास्त तापतोय. शेवटची तीन लक्षणं नव्या प्लगने झाकू नयेत, मेकॅनिकला दाखवावीत.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेतल्या नंबरचाच घ्या, बिल घ्या आणि गॅप फीलर गेजने तपासा. प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवा. अडला तर जोर न लावता काढून पुन्हा लावा. हाताने टेकल्यावर वॉशरच्या नव्या १४ मिलिमीटरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. नवी वायर जुनीच्याच लांबीची असावी, जुन्याच वाटेने न्यावी आणि तापणाऱ्या एक्झॉस्टला टेकू देऊ नये. टोपी ‘टक्’ करून बसली पाहिजे. गाडी आधी पेट्रोलवर चालवून बघा, मग गॅसवर घ्या. गॅसची नळी, रेग्युलेटर, किट यांना हात लावू नका, ते अधिकृत केंद्राचं काम आहे. गाडी वॉरंटीत असेल तर प्लगसुद्धा तिथेच बदलावेत.

“अल्लाह मालिक आहे, चालेल तोवर चालेल” असं म्हणत काही जण मिसिंग मारणारी गाडी रेटतात. याला तवक्कुल म्हणता येणार नाही. उंट मोकळा सोडून भरोसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवायला सांगितलं, ही हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. आमच्या मते आजच्या टेम्पोवाल्याचा उंट त्याच्या बॉनेटखाली आणि सीटखाली आहे.

एक लहान वही गाडीत ठेवा. प्लग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर तिच्यात लिहा. बॅटरी धरायला मुलाला बोलवाल, तसंच मुलीलाही बोलवा. दोघांनी एकदा पाहिलं की पुढच्या वेळी गाडीचा आवाज बदललेला त्यांनाच आधी कळेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि गाडीवर गेलेल्यांना सुखरूप घरी आणो. आमीन.