हा दाखला कोणत्या कामाचा?

दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे फराळाच्या ताटाबरोबर भांडण वाढून ठेवणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. पण भांडण ज्यांच्याशी आहे ते कुणी परके नाहीत, आणि ज्यांच्यासाठी आहे ती तुमच्याआमच्या घरातलीच, नुकती दहावी-बारावी ओलांडलेली मुले आहेत. तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडता एवढे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

तक्रार अशी. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी मास्तरकी करणाऱ्याला निकालाच्या दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. "गुर्जी, पोरीले कोन्त्या लाइनीत टाकू जी?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक रंगीत पत्रक असते. त्यावर पांढरा कोट घातलेली एक हसरी मुलगी, तिच्यापुढे सोनोग्राफीचे यंत्र, आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: सोनोग्राफी टेक्निशियन व्हा, सहा महिन्यांत दाखला, नोकरीची हमी. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी वैद्य नव्हे आणि वकील तर नव्हेच. पण छापलेले मला वाचता येते, आणि कायदाही छापलेलाच असतो. तो वाचून मी म्हणतो की, या पत्रकावरचे चित्र खोटे आहे. त्या मुलीला त्या यंत्राने रोग्याची तपासणी करण्याचा अधिकार तो दाखला देत नाही, आणि देऊ शकतही नाही.

आधी मुलांची बाजू सांगतो. या विद्येची ओढ वाटावी यात त्यांचा वेडेपणा काहीच नाही. विद्या आहेच तशी. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र साधारण २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा आवाज शरीरात सोडते. शरीरातल्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, वाटेतल्या पडद्यापडद्यावर आपटून परततो, आणि त्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. पोटावर लावतात तो थंडगार चिकट पदार्थही उगाच नसतो. कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये केसभर हवा राहिली, तरी आवाज तिथूनच मागे फिरतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही. सारा भरवसा हातावर आणि डोळ्यावर. हात किंचित कलला की चित्र बदलते, आणि बदललेले चित्र ओळखायला वर्षानुवर्षांची सवय लागते.

शिवाय हे यंत्र काही एकट्या डॉक्टरांनी जन्माला घातलेले नाही. ग्लासगो शहरातले प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, लोखंडातली चीर शोधणारे यंत्र शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे टॉम ब्राउन नावाचा तरुण इंजिनिअर त्यांना मिळाला, आणि १९५८ साली डोनाल्ड, त्यांचे साहाय्यक डॉक्टर मॅकव्हिकर आणि हा इंजिनिअर अशा तिघांच्या नावांनी त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. आजही इंग्लंड-अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र, सन्मानाचा व्यवसाय आहे. अमेरिकेत तो तपासणी करतो आणि डॉक्टर निदान लिहितो. इंग्लंडात तर तो पुष्कळदा अहवालही स्वतः लिहितो. म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाला हे काम जमतच नाही, असे कुणी म्हणू नये.

मग आपल्याकडे काय आडवे आले? कायदा आडवा आला. १९९४ साली संसदेने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. सोनोग्राफी करण्याचा अधिकार त्याने डॉक्टरांपुरताच ठेवला: क्ष-किरणतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा ठरवून दिलेले शिक्षण घेतलेले नोंदणीकृत वैद्य. एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरालासुद्धा सहा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण हवे, असे नियम २०१४ साली निघाले. आता ताळा करून पाहा. साडेचार-पाच वर्षे वैद्यक शिकलेल्याने वर आणखी सहा महिने शिकायचे, आणि बारावीच्या पोरीला तेवढ्याच सहा महिन्यांत तोच हुद्दा मिळणार! हिशेबाचा एवढा सोपा घोटाळा चौथीच्या पोरानेही पकडावा.

यावर संस्थाचालकांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, "यंत्र चालवायला मिळेल असे आम्ही कुठे म्हटले? साहाय्यकाची नोकरी मिळते की!" ठीक आहे. मग पत्रकावर तसे छापा. नाव पुकारणे, रजिस्टर भरणे, चादर बदलणे, रोग्याच्या पोटावरचा चिकटा पुसणे ही कामे हलकी नाहीत, मी त्यांना हसत नाही. पण ती शिकायला पंधरा दिवस पुरतात, आणि त्यासाठी कुणा बापाला तुरीचे पोते मोडावे लागत नाही. चित्र यंत्राचे दाखवायचे आणि काम चादरीचे द्यायचे, याला आमच्या वऱ्हाडात एकच शब्द आहे: बोगस. बियाण्याची थैली बोगस निघाली तर शेतकरी कृषी कार्यालयात जातो, साहेब शेतात येतात, पंचनामा होतो. न उगवलेले शेत निदान दिसते तरी. पोरीचे वाया गेलेले वर्ष कुणाला दिसते? त्याचा पंचनामा कोण करणार?

आणि वाया जाण्यापुरतेच हे थांबत नाही. माझी एक विद्यार्थिनी असाच दाखला घेऊन एका शहरात नोकरीला लागली. डॉक्टर बाहेर असले की "तू लाव, मी आल्यावर सही करतो" असे तिला सांगण्यात येई. पोरगी हुशार, हात चांगला बसला होता. पण एक दिवस तिने भिंतीवर टांगलेला कायदा पूर्ण वाचला आणि दुसऱ्या दिवशी गावी परत आली. तिने काय वाचले? या कायद्यातली शिक्षा केवळ डॉक्टरला नाही. केंद्रात तांत्रिक सेवा देणाराही तीत येतो, मग तो पगारी असो की बिनपगारी. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, दुसऱ्याला पाच वर्षे आणि पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. ज्या संस्थेने तिला दाखला दिला, तिने ही ओळ अभ्यासक्रमात शिकवली नव्हती.

आता दुसरे प्रतिपक्षी. हे सुशिक्षित आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, "मास्तर, कायदाच आंधळा आहे. तालुक्याला क्ष-किरणतज्ज्ञ मिळत नाहीत. तुमच्या खारपाणपट्ट्यात गावोगाव मूत्रपिंडाच्या तक्रारी. त्या म्हाताऱ्याच्या पोटात गर्भ आहे का? मग शिकलेल्या टेक्निशियनने त्याची तपासणी केली तर कोणाचे काय बिघडले? उगाच त्याला अकोल्यापर्यंत पंचेचाळीस किलोमीटर का फिरवता? मोडून काढा तो कायदा!"

दुखणे खरे आहे, औषध चुकीचे आहे. कारण हा कायदा आभाळातून पडलेला नाही. तो आपण ओढवून घेतला आहे. १९८६ साली मुंबईत काही कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन गर्भलिंगनिदानाविरुद्ध आवाज उठवला, आणि १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. आपण त्याचा अभिमान मिरवतो. मिरवताना हे विसरतो की औषधाची पहिली गरज आपल्यालाच भासली होती. आणि औषध घेतल्यावर तरी काय झाले? १९९१ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ उरल्या. २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कायदा कागदावर आणि यंत्रे गल्लीत, अशी गत होती. २००० साली सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे सरकारी यंत्रणा हलू लागली. त्यानंतरही २०१२ साली परळी गाजली आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले.

या साऱ्याचा दोष आपण डॉक्टरांवर टाकून मोकळे होतो. पैशाला लोभावलेल्या डॉक्टरांची वकिली मला करायची नाही. पण दुकानात माल मागणारा कोण होता? पेढा की बर्फी, असल्या खाणाखुणांनी उत्तर ऐकायला दाराबाहेर कोण उभे होते? त्यात सासू होती, सासरा होता, नवरा होता, आणि कित्येकदा माहेरची आईही होती. शिकलेले होते, नोकरदार होते, दिवाळीच्या रात्री लक्ष्मीपुढे हात जोडणारे होते. पोटातला आजार दाखवणाऱ्या एका निर्दोष यंत्राला आपण सारखा एकच प्रश्न विचारत राहिलो: मुलगा की मुलगी? शेवटी सरकारला त्या यंत्राच्या भोवती कुंपण घालावे लागले. मूतखड्याचा म्हातारा आणि शिकू पाहणारी पोर, दोघेही त्या कुंपणाबाहेर राहिले. कुंपण सरकारचे आहे, पण त्याचे खांब आपण पुरवले आहेत.

म्हणून कायदा मोडून काढा असे मी म्हणणार नाही. उद्या तो काढला, तर पत्रकवाले सहा महिन्यांत गल्लोगल्ली टेक्निशियन उभे करतील, आणि ज्या प्रश्नाला आज डॉक्टर तुरुंगाच्या भीतीने उत्तर देत नाही, त्याला कुणीही नवशिका पाचशे रुपयांत उत्तर देईल. पण कुंपण राखायचे म्हणजे त्याला कधीच फाटक ठेवायचे नाही, असेही मी मानत नाही. फाटक असावे, त्याला कुलूप असावे, आणि किल्ली विकत नव्हे तर शिकून मिळावी.

ती वाट अर्धी बांधून झाली आहे, ही गोष्ट पत्रकवाले सांगत नाहीत. २०२१ साली संसदेने परावैद्यक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तंत्रज्ञ म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत विभागलेले निदान २००० तासांचे शिक्षण हवे, असे त्याने ठरवले. पुन्हा ताळा करा. रोज सहा तास, महिन्याला सव्वीस दिवस शिकवले, तरी सहा महिन्यांत हजार तास भरत नाहीत. याच कायद्याने रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञांचा वर्ग मान्य केला आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली बारावी विज्ञान झालेल्यांसाठी परावैद्यक पदवी आहे. तीत क्ष-किरण, सी.टी., एम.आर.आय. यांचे रीतसर शिक्षण मिळते, आणि ते यंत्र हाताळणे हे तंत्रज्ञाचे हक्काचे काम आहे. या वाटेला वर्षे लागतात, पण ती कुठेतरी पोचते.

उरलेली अर्धी वाट सरकारने बांधावी. सोनोग्राफीच्या खोलीत पदवीधर तंत्रज्ञाने काय करावे, काय करू नये, कोणत्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत करावे, हे स्पष्ट लिहून काढावे. गर्भवतीची तपासणी डॉक्टरकडेच राहू द्यावी. मूत्रपिंड, यकृत, गळ्याची गाठ यांसाठी तंत्रज्ञ तयार करावेत, त्यांची नोंद ठेवावी, चुकल्यास ती नोंद काढून घ्यावी. आणि त्या वर्गात पहिल्या जागा तालुक्याच्या मुलींना द्याव्यात. ज्या यंत्राने मुलींचा हिशेब चुकवला, ते चालवण्याचा पहिला मान त्यांनाच असावा, यापेक्षा न्याय्य दंड मला सुचत नाही.

तोवर पालकांनी एवढे करावे. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची? शिकायला रुग्णालय कोणते, आणि त्यात खाटा किती? माझ्या मुलीचे नाव कोणत्या सरकारी नोंदवहीत चढेल? या दाखल्यावर सोनोग्राफी करण्याचा अधिकार कोणत्या कलमाने मिळतो? उत्तरे तोंडी घेऊ नयेत. कागदावर, सहीशिक्क्यानिशी मागावीत. ज्याचा माल खरा आहे त्याला सही करायला हरकत वाटणार नाही. बाकीच्यांचे चेहरे पाहिले म्हणजे उत्तर मिळेलच.

आणि एक मागणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. उद्या भाऊबीज. ओवाळणीच्या ताटापुढे ज्या घरचे मुलगे पाटावर बसतील, त्यांच्यापैकी किती घरांत चुलत-मावस बहीण शोधून आणावी लागते, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. तो जुना प्रश्न विचारणे ज्या दिवशी आपण खरोखर सोडू, त्या दिवशी कुंपणाला फाटक ठेवण्याची मागणी ताठ मानेने करता येईल. तोवर मुलांना निदान खोटी किल्ली तरी विकू नका, आणि कुणी विकत असेल तर शेजारी म्हणून गप्प बसू नका.